तापात भूक जाते कुठे? जंतू, सूज आणि पोटातली संप्रेरकं

सुरंगी

मंडळी, प्रश्न जरा विचित्र वाटेल, पण इथे डॉक्टर आणि शास्त्रवाले बरेच आहेत म्हणून विचारते.

आमचे मामंजी, वय ६८, गुहागर तालुक्यात बागायत. गेल्या पावसाळ्यापासून जेवणाला नकोच म्हणतात. दुखत नाही, उलटी नाही. दोन घास खाल्ले की "झालं" म्हणून ताट सरकवतात. वजन उतरलं. बुधवारी बांगड्याचं तिखलं होतं, त्यालाही हात लावला नाही, तेव्हा घरातल्या सगळ्यांना प्रकरण गंभीर आहे हे पटलं. रत्नागिरीला दुर्बीण घालून घेतली. जठराला सूज निघाली, तुकडा तपासायला पाठवला तर त्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. व्रण नाही, कॅन्सर नाही. १४ दिवसांच्या गोळ्यांचा कोर्स नुकताच संपला.

डॉक्टर म्हणाले, भूक येईल हळूहळू. येईल, मान्य. पण गेली कशी, हे कुणी सांगत नाही. पोटात जागा आहे, अन्न पुढे सरकतंय, मग जठराच्या अस्तरात बसलेला एक जंतू माणसाच्या तोंडून "नको" कसं वदवतो? शेजारच्या काकू म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे. नवरा म्हणतो वय झालं. मी गुगलवर "घ्रेलिन"पर्यंत पोचले आणि तिथेच रुतले.

दुसरा प्रश्न घरातल्या भांडणाचा. भूक नसताना आग्रह करकरून भरवावं की राहू द्यावं? सासूबाई भरवायच्या बाजूला, बाकी आम्ही सगळे दुसऱ्या.

अर्धाकप

तिसरा पक्ष: तिखलं उरत असेल तर पत्ता कळवा. (गंमत हं. काका लवकर बरे होवोत.)

खाडीकाठ

सुरंगीताई, मी डॉक्टर नाही. चिपळुणात आयुष्य जीवरसायनशास्त्र शिकवण्यात गेलं, त्यामुळे औषधांवर बोलणार नाही. आतली यंत्रणा सांगतो. प्रतिसाद लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

घ्रेलिनपर्यंत पोचलात म्हणजे बरोबर दारात उभ्या आहात. हे संप्रेरक १९९९ मध्ये जपानात कोजिमा आणि कांगावा यांनी शोधलं. २८ अमिनो आम्लांची छोटी साखळी, आणि ती मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागातल्या पेशी तयार करतात. जेवणाची वेळ झाली की रक्तात चढतं, जेवल्यावर उतरतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे, तिथल्या भूक चाळवणाऱ्या चेतापेशींना ते जागं करतं. पोटातून निघणाऱ्या संप्रेरकांत भूक वाढवणारं ठळक असं हे एकच. बाकीची बहुतेक "पुरे" सांगणारी. लहान आतड्याच्या सुरुवातीला कोलेसिस्टोकायनिन, खाली शेवटच्या भागात आणि मोठ्या आतड्यात पीवायवाय आणि जीएलपी-१. आतड्याच्या अस्तरात या संप्रेरक-पेशी जेमतेम एक टक्का असतील, पण जेवण थांबवण्याचा निर्णय बराचसा त्यांच्या हातात असतो.

आता तुमचा जंतू. हेलिकोबॅक्टर सहसा लहानपणीच पोटात शिरतो आणि उपचार केला नाही तर आयुष्यभर राहतो. तो अस्तरावरच्या बुळबुळीत थरात राहतो आणि शरीर त्याच्याशी कायमची झुंज देत बसतं. ही झुंज म्हणजेच अहवालात लिहिलेली सूज. सूज जठराच्या खालच्या टोकाला, म्हणजे बाहेर पडायच्या वाटेजवळ असेल तर आम्ल वाढतं आणि पुढे पक्वाशयात व्रण होण्याची भीती असते. पण ती वरच्या मोठ्या भागात पसरली तर वर्षानुवर्षं तिथल्या ग्रंथी झिजत जातात. आम्ल करणाऱ्या पेशी कमी होतात आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या घ्रेलिनच्या पेशीही कमी होतात. भूक लावणारं संप्रेरक जिथे बनतं तिथेच आग लागलेली असते, असं म्हणा ना.

आणखी एक भानगड. लेप्टिन हे चरबीतून येणारं संप्रेरक, हे अनेकांना माहीत असतं. पण १९९८ मध्ये ते जठरातही बनतं हे कळलं. पायलोरीच्या सुजेत जठरातलं लेप्टिन वाढतं आणि जंतू घालवला की उतरतं, असं दिसलेलं आहे. लेप्टिनचा सूर "पोट भरलंय" असा. म्हणजे एकीकडे भुकेची हाक बारीक होते आणि दुसरीकडे तृप्तीची मोठी.

हा झाला हळू चालणारा प्रकार. सुजेमुळे भूक जाण्याचा एक झटपट प्रकारही आहे, तो कुणी विचारलं तर सांगतो. बोटं दुखली.

उलटतपासणी

खाडीकाठ सर, वाचायला छान आहे, पण एक शंका. हा जंतू जगातल्या निम्म्या लोकांच्या पोटात आहे म्हणतात. भारतात तर त्याहून जास्त. आमच्या डोंबिवलीच्या चाळीत उभे-आडवे जेवणारे मी रोज बघतो, त्यांच्यातल्याही निम्म्यांना असेलच की. मग काकांच्या भुकेचं खापर त्याच्यावर कसं?

खाडीकाठ

खापर फोडत नाहीये, रास्त शंका आहे. बहुतेकांना हा जंतू असूनही काहीच होत नाही. कुठला वाण आहे, सूज कुठल्या भागात आहे, किती वर्षं मुरली आहे, माणसाची प्रकृती कशी, यावर सगळं ठरतं.

आणि पुरावा जितका आहे तितकाच सांगायला हवा. अनेक अभ्यास एकत्र मांडून पाहिले की संसर्ग असलेल्यांच्या रक्तात घ्रेलिन कमी असतं, ही गोष्ट टिकते. उपचारानंतर ते हमखास वाढतं, ही मात्र टिकत नाही. काही अभ्यासांत वाढलं, काहींत जैसे थे, काहींत उलट उतरलं. झिजलेल्या ग्रंथी गोळ्यांच्या कोर्सने लगेच परत उगवत नाहीत, हे त्याचं एक कारण असावं. तरीही पुष्कळ लोकांची भूक आणि वजन उपचारानंतर सुधारतं. तेव्हा एकट्या घ्रेलिनवर गोष्ट संपत नाही, एवढं नक्की.

बॅरी मार्शलचं उदाहरण इथे उपयोगी आहे. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरेन आणि त्याने हा जंतू प्रयोगशाळेत वाढवला १९८२ मध्ये. पोटातल्या आम्लात जंतू राहील हे कुणाला पटेना, म्हणून १९८४ मध्ये गड्याने जंतूंचं पेय स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांत रात्रीच्या जेवणानंतर पोट गच्च वाटायला लागलं, भूक मंदावली, मग उलट्या, तोंडाला वास. दुर्बीण घातली तर जठर सुजलेलं. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं. आता बघा, आठवडाभरात ग्रंथी झिजत नाहीत. तरी त्याची भूक गेली. म्हणजे झीज होण्याच्या खूप आधी दुसरं काहीतरी काम करत होतं.

डोंगरवाट

माझो पण तोच प्रश्न असा सर. आमच्या कुडाळाक दर पावसात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) तापाचे पेशंट असततच. माज्या भावाक झालो तेवा तेच्या पोटात काय एक नाय, जंतू रगतात. लावणीच्या चिखलात पायाक जखम होती तेतूरसून गेलो. ताप, पोटऱ्ये दुखतत, डोळे लाल. आणि पेज बघल्यार तोंड फिरवायचो. मगे जठराचो काय संबंध?

खाडीकाठ

डोंगरवाट, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. जंतू पोटात नसला तरी भूक जाते, कारण निरोप रक्तातून पोचतो.

जंतूंच्या आवरणाचे तुकडे रोगप्रतिकारक पेशींना दिसले की त्या सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ ही त्यातली ठळक. ताप येतो तो यांच्यामुळे, अंग मोडून येतं, झोप येते, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, आणि जेवण नको होतं, तेही यांच्यामुळेच. हे सगळं मिळून एक ठरलेलं वागणं आहे. केवळ अशक्तपणा म्हणून ते सोडून देता येत नाही, असं बेंजामिन हार्ट या पशुवैद्यक शास्त्रज्ञाने १९८८ मध्ये मांडलं. आजारी गाय गोठ्याच्या कोपऱ्यात मान टाकून बसते, वैरणीला तोंड लावत नाही. ज्यांच्याकडे गुरं आहेत त्यांना हे शिकवायला नको.

ही रसायनं दोन वाटांनी काम करतात. एक थेट मेंदूवर, आणि पोटापासून मेंदूपर्यंत गेलेल्या व्हेगस नावाच्या लांब चेतातंतूमधून. दुसरी वाट संप्रेरकांची, जी या धाग्याचा विषय आहे. उंदराच्या जातीतल्या प्राण्यांना जंतूंच्या आवरणातला विषारी अंश टोचला तर रक्तातलं घ्रेलिन घसरतं. त्याच वेळी जीएलपी-१ वाढतं आणि त्यात इंटरल्यूकिन-६ चा हात असतो. आतड्यातल्या या संप्रेरक-पेशींच्या अंगावर जंतू ओळखणारे ग्राहकही (रिसेप्टर) असतात. त्या नुसतं अन्न चाखत बसत नाहीत, कोण आलंय यावरही लक्ष ठेवून असतात. मला स्वतःला या साऱ्या विषयातली ही सर्वात थक्क करणारी गोष्ट वाटते.

माणसांतलं उदाहरण हवं तर टीबी घ्या. जंतू फुप्फुसात, पण भूक न लागणाऱ्या रुग्णांत पीवायवाय वाढलेलं सापडलं आहे आणि उपचार चालू झाले की ते उतरतं. पीवायवाय बनतं आतड्यात! आतड्याचेच जुने दाहाचे विकार, उदाहरणार्थ क्रोन्स, त्यांच्यातही हे "पुरे" सांगणारं संप्रेरक वर गेलेलं दिसतं.

डोंगरवाट

म्हणजे भाव नाटका करी नव्हतो. आवशीक वाचून दाखवतंय.

पडवी

मी या जिल्ह्यातच प्रॅक्टिस करतो. खाडीकाठ सरांचं स्पष्टीकरण योग्य आहे, पण सुरंगीताईंसाठी दोन-तीन गोष्टी सांगतो, कारण हा धागा वाचून कुणी घरी बसून "घ्रेलिन कमी झालंय" असं निदान करू नये.

साठीनंतर वजन उतरणं आणि भूक जाणं ही धोक्याची घंटा समजून आधी दुर्बीण घालायची असते, ती तुम्ही घातलीत, उत्तम. पण पायलोरी सापडला म्हणजे दुसरं काही नाहीच असं नसतं. टीबी, मधुमेह, थायरॉइड, मूत्रपिंड, नैराश्य, दात किंवा कवळीचा त्रास, आणि चालू औषधं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने भूक मंदावते, लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं. म्हाताऱ्या माणसाचं नैराश्य तर "जेवायला नको" या एकाच तक्रारीत लपलेलं असतं, आणि ते आपल्याकडे कुणाला दिसत नाही.

दुसरं, कोर्स चालू असताना आणि संपल्यावर थोडे दिवस तोंडाला कडवट, धातूसारखी चव राहते. या कोर्समध्ये असणाऱ्या क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडाझोल या दोन्ही औषधांमुळे असं होतं. अनेक नातेवाईक फोन करतात, "डॉक्टर, औषधाने भूक आणखी गेली." ती चव जाऊ द्या, मग भुकेचा हिशोब करा.

आणि लेप्टोचा विषय निघालाय म्हणून. पावसाळ्यात चिखलात काम, ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, हे एकत्र असेल तर भूक गेली का आली हे बघत बसू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. लवकर सुरू केलेल्या साध्या डॉक्सिसायक्लिनने जे होतं ते आठवड्याने अतिदक्षता विभागातही होत नाही.

आंबोशी

पडवी डॉक्टर, धन्यवाद. आता सुरंगीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी बघेल का? भरवायचं की नाही?

देवगडला माझ्या सासूबाईंची पद्धत ठरलेली होती. ताप भरला की पहिले दोन दिवस उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ, चवीला मीठ. मागितलं तर लिंबाचं लोणचं बोटावर. तिसऱ्या दिवशी निवळीत शितं दिसायची. मग गुरगुट्या भात, मेतकूट, थेंबभर तूप. कुळथाची पिठी त्यानंतर. मासे ताप उतरल्याशिवाय नाहीत, मग माणूस कितीही रडो. माहेरी चिपळूणला उलटं. आजी म्हणायची, खाल्लं नाहीस तर अंगात ताकद कुठून येणार, आणि चमच्याने भरवायची. दोघींची माणसं बरी व्हायची! त्यामुळे मला खरंच कळत नाही कोण बरोबर.

उलटतपासणी

याचं उत्तर उंदरांनी दिलंय. १९७९ मध्ये मरे आणि मरे यांनी लिस्टेरिया जंतू दिलेल्या उंदरांना नळीने बळजबरी भरवलं. भरवलेले जास्त मेले आणि लवकर मेले. आपलं "ज्वरात लंघन" सिद्ध. आंबोशीताईंच्या सासूबाई विजयी.

खाडीकाठ

उलटतपासणी, एरवी पुरावा मागता आणि इथे एका प्रयोगावर मिरवणूक काढलीत?

प्रयोग खरा आहे. २०१६ मध्ये येल विद्यापीठातल्या गटाने तो पुढे नेला. लिस्टेरियाच्या आजारात उंदरांना भरवणं घातक ठरलं, आणि त्यातही दोष निघाला ग्लुकोजचा. उपाशी शरीर चरबी जाळून कीटोन बनवतं, ते मेंदूच्या पेशींना दाहाच्या माऱ्यापासून वाचवतात. साखर दिली की ते थांबतं. पण त्याच गटाने फ्लूच्या विषाणूचा आजार दिलेले उंदीर घेतले तेव्हा चित्र उलटं झालं, तिथे भरवल्याने जगले. जंतूच्या तापाला एक न्याय, विषाणूच्या तापाला दुसरा. आता घरी ताप भरला की तो कुठला, हे तुम्ही-आम्ही पेज ढवळता ढवळता कसं ठरवणार?

आणि पुढचं तर अजून गमतीचं. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेतून साल्मोनेलावर काम आलं. टायफॉइडच्या जंतूचा हा जवळचा नातलग. याच्याकडे एसएलआरपी नावाचं प्रथिन आहे. ते काय करतं? आतड्यात इंटरल्यूकिन-१ बीटा तयार होण्याची पायरी अडवतं. त्यामुळे व्हेगसमार्फत मेंदूकडे जाणारा "जेवू नकोस" हा निरोप पोचतच नाही आणि उंदीर जेवत राहतो. जंतूचा यात फायदा असा, की जेवणारा उंदीर तगतो, हिंडतो, विष्ठेतून जंतू दुसऱ्या उंदरांपर्यंत पोचतात. शास्त्रज्ञांनी ते प्रथिन काढून टाकलेला साल्मोनेला दिला तर उंदरांची भूक गेली, जंतू आतड्याबाहेर पसरला आणि जास्त उंदीर मेले. म्हणजे लिस्टेरियात उपास तारतो, साल्मोनेलात उपास मारतो.

भूक घालवणं ही शरीराची चाल, हे आपण मघापासून बोलतोय. ती चाल उलटवून लावणारे जंतूही आहेत. या रस्सीखेचीत "ताप आला की उपाशी ठेवा" किंवा "भरवा" असा एकच नियम शोधणं व्यर्थ आहे, असं माझं मत.

अर्धाकप

म्हणजे मला तापातही वडापाव खावासा वाटतो तो मी नाही, माझा साल्मोनेला बोलतो.

पडवी

अर्धाकप, तुमच्यात तो ताप नसतानाही बोलतो, मागचे धागे वाचलेत मी.

आंबोशीताई, माणसांबद्दल सांगतो, कारण शेवटी माझ्यासमोर उंदीर येत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत ईडन नावाची मोठी चाचणी झाली. फुप्फुसं अचानक निकामी होऊन व्हेंटिलेटरवर असलेले १,००० रुग्ण. निम्म्यांना पहिले सहा दिवसांपर्यंत नळीतून अगदी थोडं अन्न, निम्म्यांना पूर्ण. व्हेंटिलेटरशिवायच्या दिवसांत किंवा मृत्यूंत फरक पडला नाही, उलट पूर्ण भरवलेल्यांना उलट्या जास्त. म्हणजे गंभीर आजाराच्या पहिल्या काही दिवसांत कॅलरीजच्या मागे लागून फायदा नाही. तुमच्या सासूबाईंची निवळ इथे अगदी शोभते. पाणी आणि मीठ जातंय, पोटावर ओझं नाही.

पण हे धडधाकट मोठ्या माणसाच्या चार दिवसांच्या तापापुरतं. याच्या बाहेर लंघन लावू नका. लहान मुलाला जुलाब होत असतील तर जेवण थांबवायचं नाही, अंगावरचं दूध तर अजिबात नाही. क्षारसंजीवनी आणि झिंक, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम १० ते १४ दिवस. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारा माणूस उपाशी राहिला आणि औषध चालू ठेवलं तर साखर खाली जाते. गरोदर बाई, टीबीचा रुग्ण, आधीच हडकुळा म्हातारा, यांना उपास परवडत नाही.

सुरंगीताईंच्या मामंजींची सूज चार दिवसांची नाहीच, कित्येक वर्षांची आहे. तिथे शरीर कुठलीही शहाणी चाल खेळत नाहीये, नुसतं झिजतंय. तेव्हा सासूबाईंचं म्हणणं खरं, खायला गेलं पाहिजे. फक्त आग्रहाने घास कोंबून नव्हे. लवकर पोट भरतं ना? मग ताट लहान करा, वेळा वाढवा. दोनऐवजी पाच वेळा. जेवताना पाणी कमी. प्रत्येक घासात काहीतरी जोरदार असू द्या: अंडं, मासा, डाळ, शेंगदाण्याचं कूट. कोंबडीचं पातळ पाणी पाजून समाधान मानू नका, त्यात ताकद फार नसते. दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा.

आंबोशी

डॉक्टर, नारळाचं दूध चालेल का? आमच्याकडे आजारातून उठलेल्याला नारळाच्या रसातल्या शेवया देतात, त्याने भूक उघडते म्हणतात.

खाडीकाठ

हा प्रश्न मी वाट बघत असल्यासारखा आला! डॉक्टरांनी आहाराचं सांगितलंच आहे, मी रसायन सांगतो.

घ्रेलिन नुसतं बनून भागत नाही. त्याच्या साखळीत तिसऱ्या जागी आठ कार्बनचं एक मेदाम्ल चिकटावं लागतं, ते काम करणारं विकर (एन्झाइम) २००८ मध्ये सापडलं. ते चिकटल्याशिवाय घ्रेलिन भुकेच्या ग्राहकाला बसतच नाही. हे मेदाम्ल म्हणजे ऑक्टॅनोइक आम्ल, आणि ते खोबरेल तेलात साधारण ७-८ टक्के असतं. उंदरांना अशी मध्यम लांबीची मेदाम्लं खायला दिली तर तीच घ्रेलिनला चिकटलेली सापडतात.

आता यावरून "नारळाच्या रसाने घ्रेलिन जागं होतं" अशी फॉरवर्ड उद्या फिरायला लागेल, म्हणून आधीच सांगतो, एवढी उडी मारता येत नाही. जठरातल्या पेशीच कमी झाल्या असतील तर मेदाम्ल चिकटणार कशाला? शेवया द्या, कारण त्यांत ताकद आहे आणि मऊ आहेत. काकांना आवडत असतील तर आणखी चांगलं.

उलटतपासणी

आणि सोलकढी? भूक वाढवायला आपण पितो, पण कोकमातलं हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल परदेशात भूक मारायच्या गोळ्यांत विकतात ना?

खाडीकाठ

विकतात, आणि त्या गोळ्यांचा पुरावा पातळ आहे. तो अर्क बहुतेक दक्षिणेकडल्या कोकमाच्या भाऊबंदाचा असतो. सोलकढीत उतरणारं प्रमाण वेगळं, अर्काचं वेगळं. वाटीभर सोलकढीने काही बिघडत नाही. पित्त होत असेल तर मिरची-लसूण हात राखून.

अर्धाकप

एक गंभीर प्रश्न, खरंच गंभीर. आमच्या ऑफिसात दोघेजण वजन उतरवायला त्या आठवड्याच्या इंजेक्शनवर आहेत. ते जीएलपी-१ म्हणजे हेच ना, जे आजारात वाढतं? मग लोक पैसे मोजून आजारी पडतायत का?

आणि दुसरा: पायलोरी पोटात ठेवला तर बारीक राहता येईल का?

पडवी

पहिल्याचं उत्तर: संप्रेरक तेच, पण शरीरातलं जीएलपी-१ दोनेक मिनिटांत अर्धं होऊन जातं. इंजेक्शनमधला रेणू आठवडाभर टिकेल असा घडवलेला असतो. दाह त्यात नसतो, उलट काही बाबतीत तो कमीच होतो. म्हणून आजारी पडणं नव्हे. मळमळ मात्र दोन्हीकडे सारखी.

दुसऱ्याचं उत्तर: नाही. या जंतूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ पासून पहिल्या वर्गात टाकलंय, म्हणजे माणसात कर्करोग घडवतो हे निश्चित असलेल्या गोष्टींत. बारीक व्हायचे दुसरे मार्ग आहेत, तुमच्या वडापावपासून सुरुवात करता येईल.

सुरंगी

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. खाडीकाठ काकांचे दोन्ही मोठे प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले. "वय झालं" हे वाक्य घरातून सध्या तरी गेलंय. सासूबाईंना पाच वेळांचं गणित पटलं, कारण त्यात त्या जिंकल्या. काटाही आणला.

आता एक व्यवहाराचं. जंतू गेला की नाही हे बघायला परत तपासणी सांगितली आहे. पुन्हा दुर्बीण नको म्हणतात मामंजी. आणि लॅबवाला म्हणाला, रक्तावर होईल, लगेच या.

पडवी

रक्तावर करू नका. त्यात प्रतिपिंडं बघतात, ती जंतू मेल्यावरही बराच काळ रक्तात राहतात. चाचणी पॉझिटिव्ह येईल, तुम्ही घाबराल आणि कुणीतरी दुसरा कोर्स लिहून देईल.

श्वासाची युरिया चाचणी किंवा शौचाची अँटिजेन चाचणी, दोन्हींपैकी जी जवळ होते ती. श्वासाची सगळीकडे मिळत नाही, कोल्हापूर किंवा मुंबईला जायची वेळ आली तर शौचाची करा, नमुना पाठवता येतो. कोर्स संपल्यानंतर किमान चार आठवडे जाऊ द्या. त्या काळात दुसऱ्या कशासाठी अँटिबायोटिक घेतलं तर चार आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजा. सकाळी उपाशीपोटी घ्यायची पित्ताची गोळी चाचणीआधी दोन आठवडे बंद, नाहीतर जंतू असूनही नाही असं दिसतं. ती बंद करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः मामंजी रक्त पातळ करणारी किंवा दुखण्यावरची गोळी घेत असतील तर. मधल्या काळात जळजळलं तर साधं पातळ अँटासिड चालतं, तेही चाचणीच्या दिवशी नको.

वजन दीड-दोन महिन्यांत वर सरकलं नाही, किंवा आणखी उतरलं, तर निकाल काहीही असो, परत दाखवा.

डोंगरवाट

डॉक्टर, ती शौचाची तपासणी कुडाळाक होता काय? माज्या बापाशीक पण दोन घासात पोट भरता म्हणता.

पडवी

होते, पण आधी फोन करून विचारा, "पायलोरी अँटिजेन" असंच सांगा. नुसतं "शौच तपासा" म्हटलंत तर जंत बघून देतील. वडिलांचं वय किती? पन्नाशीच्या पुढे असतील आणि वजनही उतरलं असेल तर तपासणीआधी डॉक्टरकडे न्या.